जोड्या जुळवा

रविवारची सकाळ. चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच शेजारच्या काकू मोबाईल हातात धरून दारात उभ्या. चेहरा पार उतरलेला.

‘‘अगं, मी यात काय वाईट लिहिलंय ते सांग बरं! विहीणबाईंना वाईट वाटलंय. सूनबाई सकाळपासून माझ्याशी धड बोलत नाहीये.’’

काकूंची सून चेन्नईची. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. विहीणबाईंना मराठी येत नाही, हिंदीही यथातथाच. काकूंना तमिळचे एक अक्षर कळत नाही. तेव्हा दोन्ही घरांमध्ये उरली ती इंग्रजी. काकू मराठी शाळेत शिकलेल्या, विहीणबाई तमिळ शाळेत. पण दोघी हौसेने एकमेकींना संदेश पाठवतात. सणावारांच्या शुभेच्छा, लोणच्याची कृती, गुडघेदुखीवरचे उपाय असे सगळे वर्षभर छान चालले होते.

सुनेची नोकरी दुपारी सुरू होऊन मध्यरात्री संपणारी. कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते, तरी ती येईपर्यंत काकूंच्या डोळ्याला डोळा लागत नाही. शनिवारी रात्री बारा वाजून गेले, फोन लागेना, तेव्हा काकूंनी जीव हलका करायला विहीणबाईंना लिहिले : ‘आय ॲम व्हेरी अफ्रेड ऑफ युवर डॉटर.’

विहीणबाईंचे उत्तर आले : ‘व्हॉट डिड शी डू?’ म्हणजे, तिने केले तरी काय? आणि लगोलग त्यांनी मुलीला फोन लावला, ‘‘सासूशी इतकी कशी वागलीस की त्यांना तुझी भीती वाटावी?’’

वाचकहो, आता तुमच्या लक्षात आले असेल. काकूंच्या मनात मराठी वाक्य होते, ‘मला तुमच्या मुलीची फार भीती वाटते हो!’ हे वाक्य मराठी कानांनी ऐकले तर त्यातली काळजी लगेच कळते. पण इंग्रजीत ‘अफ्रेड ऑफ’ म्हटले की त्या व्यक्तीपासून आपल्याला भय आहे, असा अर्थ होतो. त्या व्यक्तीचे काही बरेवाईट होईल अशी भीती वाटत असेल, तर म्हणायचे ‘अफ्रेड फॉर’. ‘ऑफ’च्या जागी ‘फॉर’ असता, तर दोन घरांची रविवार सकाळ सुखात गेली असती.

म्हणून या वेळी आपण इंग्रजी विशेषणांच्या या सोबत्यांची ओळख करून घेऊ. शाळेत प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या जुळवा’ असा प्रश्न असायचा ना? तसेच हे आहे. ‘अ’ गटात विशेषणे, ‘ब’ गटात ‘ऑफ, टु, फॉर, विथ, ॲट, इन, अबाउट, फ्रॉम’ ही छोटी मंडळी.

आपल्याकडेही हेच आहे

‘इंग्रजीचं काही खरं नाही, एकाला ऑफ, दुसऱ्याला टु, नियम म्हणून नाही,’ अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण जरा आपल्या मराठीकडे पाहा. आपण एखाद्यावर रागावतो, एखाद्याशी भांडतो, एखाद्याला घाबरतो आणि एखाद्याचा हेवा करतो. रागावताना ‘वर’ आणि भांडताना ‘शी’ का, हे आपल्याला कुणी शिकवले? आईच्या मांडीवर बसून ऐकले आणि तोंडात बसले. इंग्रजांच्या मुलांचेही तसेच होते.

फरक आहे तो जागेचा. मराठीत हे शब्द किंवा प्रत्यय नामानंतर येतात : घरात, घरावर, घराशी, घरापासून. इंग्रजीत ते नामाच्या आधी येतात : ‘इन द हाउस’, ‘ऑन द हाउस’. म्हणून तर त्यांचे नाव प्रेपोझिशन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘आधी ठेवणे’ असा आहे. विशेषण आणि नाम यांच्या मध्ये हा शब्द बसतो. तो कोणता असावा, हे बहुतेक वेळा आधीचे विशेषणच ठरवते. म्हणून ‘अफ्रेड’ म्हणजे भ्यालेला, ‘मॅरिड’ म्हणजे विवाहित, अशी नुसती शब्दांची यादी पाठ करून भागत नाही. ‘अफ्रेड ऑफ’, ‘मॅरिड टु’ अशी जोडीच पाठ करावी लागते.

‘चा-ची-चे’ची युक्ती

आता एक सोपी युक्ती. आपल्या मनातले वाक्य आधी मराठीत नीट म्हणून पाहा. कशाचा अभिमान? कशाची लाज? कुणाचा हेवा? जिथे मराठीत ‘चा-ची-चे’ येतो, तिथे इंग्रजीत पुष्कळदा ‘ऑफ’ येतो.

मुलाचा अभिमान : ‘प्राउड ऑफ’. चुकीची लाज : ‘अशेम्ड ऑफ’. शेजाऱ्याचा हेवा : ‘जेलस ऑफ’. गाण्याची आवड : ‘फाँड ऑफ’. धोक्याची जाणीव : ‘अवेअर ऑफ’. यशाची खात्री : ‘शुअर ऑफ’. नोकरीचा कंटाळा : ‘टायर्ड ऑफ’. अनोळखी माणसाचा संशय : ‘सस्पिशस ऑफ’. आणि कुत्र्याची भीती : ‘अफ्रेड ऑफ’.

एका दमात नऊ जोड्या झाल्या! हिंदी पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांनी मात्र जरा जपावे. हिंदीत कुत्ते ‘से’ डरतात, त्यामुळे ‘अफ्रेड फ्रॉम डॉग्ज’ तोंडातून निसटून जाते. इंदूर-भोपाळच्या मराठी घरांतली मुले एकीकडे मराठी, दुसरीकडे हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी तिहेरी कसरत करतात. त्यांना ही ‘भीतीची’ जोडी मराठीतून शिकवा, लवकर लक्षात राहील.

‘बोअर्ड’ हा शब्द मात्र थोडा वेगळा. कंटाळा कशाचा, म्हणून आपण ‘बोअर्ड ऑफ’ म्हणतो. तरुण मंडळींच्या बोलण्यात, अगदी इंग्लंडातही, तो आता सर्रास ऐकू येतो. पण पुस्तकी इंग्रजीत ‘बोअर्ड विथ’ किंवा ‘बोअर्ड बाय’ असेच रूढ आहे. अर्जात किंवा परीक्षेत तेच लिहिलेले बरे.

जिथे मराठी फसवते

ही युक्ती सगळीकडे चालली असती तर हवेच होते काय! काही ठिकाणी मराठीचे बोट सोडावे लागते.

सवय ‘ची’ असते, पण इंग्रजीत ‘यूज्ड टु’. धुळीची ॲलर्जी असते, पण ‘ॲलर्जिक टु डस्ट’. ही जोडी घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. परगावी किंवा परदेशी डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘आय ॲम ॲलर्जिक टु पेनिसिलिन’ हे वाक्य न अडखळता म्हणता आले पाहिजे. काळजी मुलांची असते, पण ‘वरीड अबाउट’.

राग ‘वर’ काढतो म्हणून आपण ‘अँग्री ऑन मी’ म्हणतो. ते ‘अँग्री विथ मी’ असे हवे. अमेरिकेत ‘अँग्री ॲट मी’ म्हणतात, तेही बरोबर. आणि माणसाऐवजी गोष्टीचा राग असेल तर ‘अबाउट’ : ‘शी इज अँग्री अबाउट द बिल’.

लग्न ‘शी’ होते, म्हणून ‘मॅरिड विथ’ ही आपल्याकडची हमखास चूक. इंग्रजीत माणूस ‘मॅरिड टु’ असतो आणि साखरपुडा झालेला माणूस ‘एंगेज्ड टु’. गंमत म्हणजे ‘मॅरिड विथ टू चिल्ड्रन’ हा शब्दप्रयोगही इंग्रजीत आहे आणि तो बरोबर आहे. त्याचा अर्थ मात्र ‘लग्न झालेले, दोन मुले असलेली व्यक्ती’ असा होतो!

गणितात हुशार म्हणून ‘गुड इन मॅथ्स’ असे आपण म्हणतो. रूढ जोडी ‘गुड ॲट मॅथ्स’ अशी आहे. ‘बॅड ॲट’, ‘क्लेव्हर ॲट’ हीही त्याच घराण्यातली. ‘वीक’ या शब्दाला मात्र ‘इन’ चालते. बादली पाण्याने भरलेली असते, पण ‘फुल विथ वॉटर’ चूक. ‘फुल ऑफ वॉटर’ म्हणा, किंवा ‘फिल्ड विथ वॉटर’. ‘फुल’ आणि ‘फिल्ड’ सख्खी भावंडे, पण सोबती वेगवेगळे.

एकाला अनेक सोबती

एकाच विशेषणाचा सोबती बदलला की अर्थ बदलतो. इथे चूक झाली तर ती नुसती व्याकरणाची राहत नाही. समोरच्या माणसाला आपले म्हणणे वेगळेच ऐकू येते.

‘टायर्ड’ घ्या. प्रवासाने दमून आलात तर ‘टायर्ड फ्रॉम द जर्नी’. आणि ‘टायर्ड ऑफ’ म्हणजे कंटाळलेला, विटलेला. दिवसभर काम करून दमलेल्या माणसाने साहेबांना ‘आय ॲम टायर्ड ऑफ वर्क’ असे सांगितले, तर साहेबांच्या कपाळावर आठी पडणारच.

‘सॉरी’ घ्या. कुणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला आणि तुम्ही ‘आय फील सॉरी फॉर यू’ एवढेच म्हणालात, तर सांत्वनाऐवजी ‘मला तुमची कीव येते’ असे ऐकू जाण्याचा धोका असतो. ‘आय ॲम सॉरी अबाउट युवर फादर’ किंवा ‘आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस’ म्हटले की मनातला भाव बरोबर पोहोचतो.

शाळेत पालकसभेला गेलात, मुलाला गुण कमी पडले आहेत. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड विथ हिज मार्क्स’ म्हणजे मी त्याच्या गुणांवर नाराज आहे. पण ‘आय ॲम डिसअपॉइंटेड इन हिम’ म्हणजे त्याने माझी निराशा केली, माणूस म्हणून तो माझ्या अपेक्षेला उतरला नाही. पहिल्या वाक्यात नाराजी गुणपत्रिकेवर आहे, दुसऱ्यात लेकरावर. मूल शेजारीच उभे असते आणि आजकालच्या मुलांना इंग्रजी आपल्यापेक्षा जास्त कळते, हे विसरू नका.

‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे एखाद्या कामाला जबाबदार आणि ‘रिस्पॉन्सिबल टु’ म्हणजे एखाद्याला उत्तर द्यायला बांधील. रोखपाल पैशांसाठी ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ असतो आणि व्यवस्थापकाला ‘रिस्पॉन्सिबल टु’ असतो. ‘फॅमिलिअर’ची तर नुसती अदलाबदल : मी नागपूरशी परिचित आहे तेव्हा ‘आय ॲम फॅमिलिअर विथ नागपूर’. नागपूर मला परिचित आहे तेव्हा ‘नागपूर इज फॅमिलिअर टु मी’.

आणि सगळ्यांत हौशी शब्द ‘गुड’. स्वयंपाकात तरबेज तो ‘गुड ॲट कुकिंग’. तब्येतीला चांगले ते ‘गुड फॉर हेल्थ’. सासूशी प्रेमाने वागणारी सून ‘गुड टु हर मदर-इन-लॉ’. आणि लहान मुलांना छान सांभाळणारी मावशी ‘गुड विथ चिल्ड्रन’.

इथे ‘दॅन’ला मज्जाव

तुलना आली की आपण डोळे मिटून ‘दॅन’ लावतो. मराठीतला ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ असे डोक्यात बसलेले असते. पण सीनियर, जूनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आलेले आहेत आणि त्यांच्या शेवटचा ‘इयर’ हाच मुळी लॅटिनमधला तुलनेचा प्रत्यय आहे. तुलना त्यांच्या पोटातच आहे. त्यांचा सोबती ‘टु’ : ‘ही इज सीनियर टु मी बाय टू इयर्स’. ‘प्रेफरेबल’लाही ‘टु’च लागतो.

‘डिफरंट’चा तंटा निराळा. अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ बोलतात, इंग्लंडात ‘डिफरंट टु’ ऐकू येते, आणि ‘डिफरंट फ्रॉम’ दोन्हीकडे चालते. आपण ‘फ्रॉम’ धरावे म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही.

पुढे क्रियापद आले तर

या सोबत्यानंतर क्रिया सांगायची असेल, तर क्रियापदाला ‘इंग’ची शेपटी लावायची. ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’, ‘केपेबल ऑफ डूइंग’, ‘गुड ॲट सिंगिंग’. अर्जात ‘केपेबल टु डू’ असे लिहिलेले नेहमी दिसते, ते टाळावे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘यूज्ड टु’चा. ‘आय यूज्ड टु गेट अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मी पूर्वी पाचला उठत असे, आता उठत नाही. ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मला पाचला उठायची सवय आहे. मध्ये एक ‘ॲम’ आणि शेवटी एक ‘इंग’, पण एक वाक्य आळशाचे आणि दुसरे उद्योगी माणसाचे!

मग शिकायचे कसे?

महाराष्ट्रात 2000 साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते आणि मी त्या आधीच्या मुलांतली. आम्ही शब्दार्थांच्या वह्या भरल्या : एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. ‘इंटरेस्टेड’ म्हणजे रस असलेला, एवढेच पाठ. पत्रकारितेची पदविका घेऊन पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा ऐटीत म्हणाले, ‘‘आय ॲम इंटरेस्टेड फॉर धिस जॉब.’’ समोरचे गृहस्थ नुसते हसले. ते हसू मला बरीच वर्षे टोचत राहिले. वहीत ‘इंटरेस्टेड’च्या शेजारी ‘इन’ एवढे एकच अक्षर जास्त लिहिले असते तर?

तेव्हा एवढेच करा. नवे विशेषण भेटले की ते एकटे लिहून घेऊ नका, सोबत्यासह लिहा. त्याखाली आपल्या घरातले एक छोटे वाक्य लिहा : ‘आजी इज फाँड ऑफ टी’. घरातले वाक्य विसरत नाही. रोज दोन जोड्या केल्या तरी महिन्याला साठ होतील. रोजच्या व्यवहाराला तेवढ्या पुष्कळ.

आणि चूक झाली तर लाजू नका. ‘अँग्री ऑन’ म्हणणारा माणूस अडाणी नसतो. तो मनात मराठीत विचार करत असतो, एवढेच. चूक कळली की दुरुस्त करावी आणि पुढे बोलत राहावे.

काकूंनी तेच केले. माझ्याच घरी बसून त्यांनी विहीणबाईंना दुसरा संदेश लिहिला. ‘आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ हर. आय ॲम अफ्रेड फॉर हर. शी कम्स लेट. आय ॲम प्राउड ऑफ हर.’ शेवटचे वाक्य मी सांगितले नव्हते, ते त्यांचे त्यांनीच घातले. दोन मिनिटांत चेन्नईहून उत्तर आले, ‘मी ऑल्सो. एव्हरी नाइट.’ व्याकरण गेले चुलीत, पण दोन आया मध्यरात्री एकाच गाडीची वाट पाहत जाग्या असतात, हे त्या दिवशी दोघींना कळले.

संध्याकाळी सूनबाई स्वतःच सासूबाईंजवळ येऊन बसली आणि आपल्या नव्या कोऱ्या मराठीत म्हणाली, ‘‘आई, मी तुमच्याशी रागावले नाही.’’

‘‘‘तुमच्याशी’ नाही, ‘तुमच्यावर’,’’ असे काकूंच्या अगदी ओठांवर आले होते म्हणे. पण त्या म्हणाल्या, ‘‘चल, गरम पोळी वाढते.’’

करून पाहा

गाळलेल्या जागी योग्य सोबती भरा. उत्तरे खाली दिली आहेत, पण आधी हाताने झाका!

1. माय सन इज बॅड ...... स्पेलिंग.
2. शी इज ॲलर्जिक ...... पीनट्स.
3. हिज ब्रदर इज एंगेज्ड ...... अ डॉक्टर.
4. पैठण इज फेमस ...... पैठणी सारीज.
5. वी आर वरीड ...... द रिझल्ट.
6. ही इज जूनियर ...... माय फादर.
7. आय ॲम नॉट यूज्ड ...... स्लीपिंग इन द आफ्टरनून.
8. द बॉक्स इज फुल ...... ओल्ड लेटर्स.

उत्तरे : 1. ॲट, 2. टु, 3. टु, 4. फॉर, 5. अबाउट, 6. टु, 7. टु, 8. ऑफ.

आठपैकी सहा बरोबर आली तर स्वतःची पाठ थोपटा. त्याहून कमी आली तर वही काढा. पुढच्या वेळी क्रियापदांच्या सोबत्यांकडे वळू. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ का नको, हे तोवर घरात सगळ्यांना विचारून ठेवा.